घाटात गाड्या दमतात, तेव्हा मोठा एसएमपीएस घ्यावा का? मॉडेल रेल्वेच्या वीजपुरवठ्याबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एचओ स्केलचा (खऱ्याच्या १:८७) लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, दोन टेबलं काटकोनात जोडलेली. एका बाजूला स्टेशन आणि यार्ड, दुसऱ्या बाजूला भोर घाटासारखा चढ. कर्जतला लावतात तशी गाडीच्या मागे दोन बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लावून ती वर चढवायची. डीसीसी यंत्रणा (रुळांतूनच वीज आणि प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल हुकूम पाठवणारी) अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डवर आणि त्यावर बसणाऱ्या, रुळांना करंट देणाऱ्या मोटर शील्डवर घरी उभारलेली. वीज सगळ्याला एकच: १२ व्होल्ट २० अँपिअरचा जाळीदार खोक्यातला एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारा पुरवठा. त्यातून निघालेली अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर टेबलाखालून सात मीटर फिरते आणि तिलाच जागोजागी सोलून शील्ड, सांध्यांच्या (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांच्या) कॉइल, सर्वो (छोट्या नियंत्रित मोटरी) आणि स्टेशनचे दिवे जोडलेत. तक्रारी तीन. घाटाच्या वरच्या टोकाला इंजिनं दमतात. सांधा बदलला की दिवे मिचमिचतात आणि कधीकधी इंजिनाचा आवाज बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आणि एसएमपीएसला किंवा रुळाला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. विचारलंय ते हे, की दुसरा एसएमपीएस समांतर जोडू की सरळ ३० अँपिअरचा घेऊ?

दोन्ही करू नका. तुमच्याकडे वीज कमी नाही, उलट नको तिथे जास्त आहे. दोष आहे तो वाटणीत. पण त्याआधी झिणझिण्यांचं बघू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

जाळीच्या एसएमपीएसमध्ये आत येणाऱ्या फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या खोक्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विद्युत गोंगाट जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. खोकं अर्थिंगला जोडलेलं असेल तर ही गळती गुपचूप निघून जाते. अर्थिंग नसेल तर खोकं दोन्हींच्या मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं आणि पुष्कळदा आउटपुटची बाजूही त्याच्याबरोबर तरंगते. करंट अगदी कमी असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण आतलं इन्सुलेशन खरोखर बिघडलं तरी सुरुवातीला हाताला असंच जाणवेल, आणि दोन्हींतला फरक हाताने ओळखता येत नाही. त्यामुळे आज प्लग काढून ठेवा. एसएमपीएसच्या अर्थच्या स्क्रूपासून थ्री-पिन प्लगच्या जाड पिनेपर्यंत हिरवी वायर गेली आहे का ते बघा. मग भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये फेज-न्यूट्रलइतकाच व्होल्टेज दिसायला हवा. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायर नसते, हे फार ठिकाणी पाहिलं आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. अर्थिंग नीट झाल्यावरही झिणझिण्या राहिल्या तर तो एसएमपीएस वापरातून काढा.

त्याच खोक्याच्या बाजूला ११५ आणि २३० असं लिहिलेला एक छोटा सरकता खटका असू शकतो. तो २३० वरच हवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी कुणी जुना पॉवर पॅक आणून दिला असेल, तर त्याच्या पाठीवरचं १२० व्होल्ट वाचल्याशिवाय तो आपल्या सॉकेटमध्ये घालू नका.

आता घाटाकडे. एसएमपीएसच्या टर्मिनलवर मीटर लावा आणि कुणाला तरी सांधा बदलायला सांगा. तिथे १२ व्होल्ट जवळजवळ हलणारही नाहीत. म्हणजे एसएमपीएस दमलेला नाही. दमते ती वायर. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ३९ ओहम. सात मीटर जाऊन सात मीटर परत यायचं, म्हणजे १४ मीटरला साधारण ०.५५ ओहम. आकडा किरकोळ वाटतो. पण सांध्याची कॉइल चार ओहमच्या आसपासची असते आणि क्रॉसओव्हरला, म्हणजे शेजारचे दोन मार्ग जोडणाऱ्या सांध्यांच्या जोडीला, दोन कॉइल एकदम उडतात. त्या क्षणी पाच-सहा अँपिअर त्याच वायरमधून जायला बघतात आणि वाटेतच अडीच-तीन व्होल्ट खर्ची पडतात. त्याच वायरला जोडलेले दिवे मिचमिचणार नाहीत तर काय होईल? शील्डला त्या क्षणी नऊ व्होल्ट मिळतात, त्यातलेही काही ती स्वतःकडे ठेवते, आणि घाटावरच्या इंजिनातला साउंड डीकोडर (डीसीसीचे हुकूम वाचून मोटर आणि आवाज चालवणारी चकती) भानावर राहत नाही. वीस अँपिअरच्या जागी तीस आणले तरी वायरचा रोध तोच राहणार, म्हणून मिचमिचही तेवढीच राहणार.

समांतर जोडण्याने तर नवीनच दुखणं लागतं. दोन एसएमपीएस ठरवूनसुद्धा अगदी सारखा व्होल्टेज देत नाहीत. ज्याचा व्होल्टेज किंचित जास्त तो सगळा भार ओढतो, दुसरा बसून राहतो. पहिला दमून बंद पडला की सगळं दुसऱ्यावर. समांतर चालवण्यासाठी खास बनवलेले पुरवठे असतात, ते वेगळे.

वायरबद्दल जरा थांबून बोलतो, कारण लेआउटचं निम्मं सुखदुःख इथे ठरतं. रुळांसाठीची मुख्य जोडी, म्हणजे बस, अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. घराच्या वायरिंगला वापरतात तीच, आयएसआय शिक्क्याची, बहुतारी तांब्याची. तिचा रोध किलोमीटरला आठ ओहमच्या आत असतो. तुमच्या सात मीटरला जाऊन-येऊन ०.११ ओहम. तीन अँपिअर ओढले तरी नुकसान व्होल्टच्या एक तृतीयांशाचं. स्वस्त स्पीकर वायर घेऊ नका. तिच्यात बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असतं. चाकूने खरवडलं की पांढरं दिसतं. रोध जास्त, आणि झाळताना सोल्डरही नीट धरत नाही.

बस रुळाखालूनच न्या, टेबलाच्या कडेकडेने नको. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला तिच्यातून अर्ध्या स्क्वेअर एमएमचा छोटा फाटा काढा. वीतभर लांबीला ही जाडी पुरते. पेको कंपनीच्या एका फ्लेक्स ट्रॅकची, म्हणजे वाकवता येणाऱ्या रुळाच्या तुकड्याची, लांबी ९१४ मिलिमीटर असते, म्हणजे मीटरमागे एक जोडी पडते. फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, भरवशावर वीज पुढे नेऊ नका. रूळ निकेल सिल्व्हरचा असतो. त्यात चांदीचा अंशही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू, आणि त्याचा रोध तांब्याच्या कितीतरी पट. फिशप्लेट पहिल्या वर्षी घट्ट असते, एक पावसाळा गेला की आत काळपट थर धरते. कोकणात आणि मुंबईत हे आणखी लवकर होतं. वळणावर जोड झाळून टाकले तर चालतं, सरळ भागात मात्र नखाएवढी फट मोकळी ठेवा, कारण दमट हवेत प्लायवूड फुगतं आणि एप्रिल-मेमध्ये आक्रसतं.

फाटा झाळायची माझी पद्धत अशी. रुळाच्या बाहेरच्या अंगाला, दोन स्लीपरच्या मधल्या जागेत, काचकागदाने धातू चमकेपर्यंत घासायचा. वायरचं टोक तीन-चार मिलिमीटर सोलून, पीळ देऊन, त्यावर आधी सोल्डर चढवून घ्यायचं. रुळावर ठिपक्याएवढा रोझिन फ्लक्स. टोक रुळाच्या कमरेला टेकवून, चांगल्या तापलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीचं चपटं टोक दोन सेकंद, फार तर तीन. सोल्डर पाण्यासारखं पसरून चमकलं की इस्त्री उचलायची. कमी तापलेली इस्त्री जास्त वेळ धरली की स्लीपर वितळतात. शेजारच्या दोन्ही स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले की धाक राहत नाही. अॅसिड फ्लक्स इथे अजिबात नको, तो वर्षभराने जोड खातो. बॅलास्ट, म्हणजे रुळांमधली खडी, टाकून रंग मारला की हा फाटा कुणाला दिसत नाही.

वायर नीट झाली की नाही हे साध्या मीटरने चालू डीसीसीवर मोजायला जाऊ नका. डीसीसीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो. त्यातल्या ‘एक’ या बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो. घरगुती मीटर ५० हर्ट्झसाठी बनवलेला, तो काहीही दाखवतो. त्यापेक्षा सगळी इंजिनं उचलून ठेवा, शील्ड सोडवा आणि बसच्या सुरुवातीला सरळ १२ व्होल्ट डीसी द्या, मध्ये तीन अँपिअरचा फ्यूज घालून. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातून इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट आणा आणि तो घाटाच्या वरच्या टोकाला रुळांवर लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे चढावरच्या तीन इंजिनांच्या भाराइतका. आता आधी बसच्या सुरुवातीला आणि मग बल्बच्या पायाशी व्होल्टेज मोजा. तुमच्या आत्ताच्या वायरवर नुसत्या वायरचाच फरक एक व्होल्टच्या जवळ येईल, रुळांचा आणि फिशप्लेटचा वेगळा. अडीचच्या बसवर आणि नीट फाट्यांवर पाव व्होल्टच्या आसपास यायला हवा. बल्ब हातात घेऊन रूळभर फिरा. जिथे तो अचानक मंद होतो तिथे एखादा जोड कच्चा आहे. इतकी खात्रीची दुसरी तपासणी मला माहीत नाही. बल्ब भरपूर तापतो, फोमच्या डोंगरावर टेकवू नका.

घाटात दम लागण्याचं दुसरं कारण मोटर शील्डमध्येच आहे. तिच्यावरची एल२९८ ही चिप जुन्या घडणीची आहे. एक अँपिअरला ती साधारण दोन व्होल्ट स्वतःच खाते, भार वाढला की अजून जास्त, आणि एका चॅनलची मर्यादा दोन अँपिअर. म्हणजे १२ देऊन रुळावर जेमतेम १० पोचतात. एचओसाठी रुळावर १४ च्या आसपास हवेत. चढाचं प्रमाण खऱ्या भोर घाटासारखं ३७ ला १ ठेवलं असेल, तर तीन इंजिनांना हा फरक लगेच जाणवतो. शील्डला १५ व्होल्टचा वेगळा, तीन-चार अँपिअरचा पुरवठा देता येतो. पण आधी शील्डच्या मागच्या बाजूचा ‘व्हीइन कनेक्ट’ हा जोड चाकूने कापावा लागतो, नाहीतर तो व्होल्टेज थेट अर्डुइनोत शिरतो आणि त्याचा रेग्युलेटर भाजतो. जोड कापल्यावर अर्डुइनोला त्याचा स्वतःचा सात ते नऊ व्होल्टचा अॅडॉप्टर द्या. घाटात तीन आणि स्टेशनात आणखी दोन इंजिनं एकदम चालवायची असतील तर शील्डमध्ये जीव अडकवू नका, पाच अँपिअरचा बूस्टर (डीसीसीचा सिग्नल जास्त करंटने रुळांना देणारा डबा) आणि त्याला साजेसा पुरवठा घ्या.

आता वाटणी. माझ्या मते तुमच्या लेआउटला चार स्वतंत्र पुरवठे हवेत, आणि चौघांपैकी एकही फार मोठा नको. रुळांना एक, त्याला दुसरं काहीही जोडायचं नाही. दिव्यांना १२ व्होल्टचा दोन-तीन अँपिअरचा. एक एलईडी एक किलोओहमच्या रोधकातून नऊ-दहा मिलिअँपिअर घेतो, म्हणजे शंभर दिव्यांनाही एक अँपिअर पुरतो. सर्वोंना ५ व्होल्टचा. छोटा सर्वो अडकला की एकटाच पाऊण अँपिअरपर्यंत ओढतो, त्यामुळे तो अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून कधीच चालवू नये. आणि चौथा सांध्यांच्या कॉइलना.

या चौथ्याबद्दल दोन शब्द. कॉइलला सतत वीज नको असते, एक ठोसा हवा असतो. त्यासाठी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट वापरतात: १६ ते २४ व्होल्टचा लहान पुरवठा दोन-चार हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सावकाश भरतो, बटण दाबलं की सगळी साठवण एका झटक्यात कॉइलमध्ये. सांधा ठणकावून बदलतो. बटण अडकून राहिलं तरी कॉइलला पाठीमागून अगदी थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे ती जळत नाही. पुढेमागे टॉर्टॉइजसारख्या संथ मोटरी लावल्यात तर हा प्रश्नच उरत नाही, त्या १२ व्होल्टवर टोकाला थांबून राहतानाही १५-१६ मिलिअँपिअरच घेतात.

पुरवठे वेगळे ठेवायचे याला मिचमिचीपेक्षा मोठं कारण आहे. डीसीसीत रुळांपैकी कुठलाही एक रूळ कायमचा ऋण नसतो. दोन्ही रूळ आळीपाळीने धन आणि ऋण होत राहतात. दिव्यांची ऋण वायर आणि शील्डच्या पुरवठ्याची ऋण बाजू एकच असेल, आणि दिव्यांची एखादी वायर चुकून रुळाला लागली, तर शील्डच्या अर्ध्या भागातून शॉर्ट होतो. तो दर काही मायक्रोसेकंदांनी येतो-जातो, म्हणून शोधताना माणूस हैराण होतो. पुरवठे वेगळे असले तर नुसतं लागून काही होत नाही, कारण परतीची वाटच नसते. याला एक अपवाद: सर्वो अर्डुइनोवरून चालवत असाल तर ५ व्होल्टच्या पुरवठ्याची ऋण बाजू अर्डुइनोच्या ग्राउंडला जोडावीच लागते, नाहीतर त्याला सिग्नल कळत नाही. तेवढा एकच जोड, एकाच जागी.

वीस अँपिअरचा एसएमपीएस का नको, तेही यातच येतं. तो स्वतःहून बंद पडायला वीसच्या वर करंट जायला लागतो. दिव्यांच्या केसासारख्या बारीक वायरमध्ये शॉर्ट झाला तर पंधरा अँपिअरवर एसएमपीएस निवांत असतो आणि वायर लाल होते. प्लायवूड, फोम, सुकं गवत आणि कागदी घरं यांच्या खाली. आहे तो वापरायचाच असेल तर फक्त दिव्यांसाठी ठेवा आणि त्याच्या टर्मिनललगत प्रत्येक फाट्याला गाडीतला ब्लेड फ्यूज घाला, दोन किंवा तीन अँपिअरचा. दहाचा फ्यूज हाताशी आहे म्हणून तो लावू नका.

रुळांचेही भाग पाडा: यार्ड, स्टेशन, घाट. बूस्टर घेतल्यावर प्रत्येक भागाच्या एका वायरमध्ये मालिकेत तोच २१ वॉटचा बल्ब टाकला तरी चालतं. सामान्य भाराला तो विझलेला किंवा किंचित लालसर असतो. घाटात चाक घसरून दोन्ही रूळ जोडले गेले की बल्ब लख्ख पेटतो, करंट पावणेदोन अँपिअरवर अडकतो, आणि स्टेशनातली गाडी चालत राहते. कुठल्या भागात शॉर्ट आहे ते शोधावंही लागत नाही. तीन इंजिनांच्या घाटाला बल्ब कमी पडला तर तिथे इलेक्ट्रॉनिक ब्रेकर घ्या, यार्डाला बल्ब पुरतो.

बस आणि फाटे पुरे झाले की नाण्याची परीक्षा घ्या. यंत्रणा चालू करून रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवायचं. प्रत्येक फ्लेक्स ट्रॅकवर, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना, यार्डाच्या शेवटच्या बंपरपाशी. प्रत्येक ठिकाणी यंत्रणा त्याच क्षणी कापली गेली पाहिजे, बल्ब असेल तिथे तो पेटला पाहिजे. जिथे नाणं नुसतं कोमट होत राहतं तिथे वायरमधला रोध इतका आहे की कापण्याइतका करंट जातच नाही. पाच अँपिअरच्या १४ व्होल्टच्या बूस्टरला ही सीमा २.८ ओहमची. एखादी काळी पडलेली फिशप्लेट आणि लांब बारीक वायर मिळून तिथे सहज पोचतात. अशा जागी गाडी घसरली तर पन्नासेक वॉटची उष्णता चाकात आणि रुळात उतरत राहते, इंजिनातल्या बारीक वायरी वितळतात आणि खालचं प्लास्टिकही. गाडी तिथून व्यवस्थित धावते म्हणून समाधान मानू नका. नाण्याने ट्रिप झालं नाही, तर तिथे नवा फाटा.

राहता राहिलं २३० व्होल्टचं. सगळे पुरवठे टेबलाच्या एकाच टोकाला, बंद होणाऱ्या पण हवा खेळणाऱ्या खोक्यात ठेवा. २३० ची वायर त्या खोक्याच्या पुढे लेआउटखाली जाता कामा नये. खोक्याच्या भोकांना बारीक जाळी लावा, पाली उबेला आत जातात आणि एसएमपीएसच्या टर्मिनलवर मरतात. कमी व्होल्टेजच्या जोडण्यांना घरातले थ्री-पिन किंवा टू-पिन प्लग वापरू नका, एखादा पाहुणा किंवा लहान मूल तो प्लग भिंतीत घालेल. सगळ्यांवर मिळून दिवा असलेला एकच मोठा खटका बाहेर, हाताच्या उंचीवर. रंग ठरवून घ्या आणि खोक्याच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवा: रुळांची जोडी कुठली, दिवे कुठले, सर्वो कुठले, कॉइल कुठल्या, आणि कुठला फ्यूज किती अँपिअरचा.

कामाचा क्रम अर्थिंग, मग बस आणि फाटे, मग बल्बने मोजणी, मग पुरवठे वेगळे करणं, आणि शेवटी नाणं, असा ठेवा. बस बदलल्यावर लगेच घाटात गाडी चढवून बघा. त्यानंतरही वरच्या टोकाला दमत असेल तर शील्डला १५ व्होल्ट द्यायचं काम हाती घ्या. त्या वेळी बल्बच्या पायाशी किती व्होल्ट मिळाले तो आकडा कळवा, म्हणजे बूस्टर लागेल की नाही ते सांगता येईल.